मदत हवी आहे: व्हेसिकलच्या आत जीएफपी बनत नाही

सातपुडा:
दोन आठवडे अडकलोय, गुरुवारी गाइडना दाखवायचंय. नुसत्या पीओपीसीच्या (एकूण चार्ज नसलेलं लिपिड) व्हेसिकलमध्ये, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशवीत, प्युअर सिस्टिम (डीएनएवरून प्रोटीन बनवणारं तयार मिश्रण, पेशीशिवाय) भरली की जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन झकास बनतं. २० टक्के चार्ज्ड लिपिड घातलं की सगळं काळं. तेच मिश्रण ट्यूबमध्ये हिरवं होतं. काय चुकतंय?

उंबर:
चार्ज पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? आकार किती?

कोरडी भेळ:
मॅग्नेशियम! पीजीसारखी (फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल) निगेटिव्ह लिपिडं ते धरून ठेवतात, आणि त्याच्याशिवाय प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमचे दोन भाग एकत्र राहत नाहीत. थोडं वाढवून बघा, माझं त्यानेच सुटलं.

उंबर:
आधी हिशोब करा. १० मायक्रॉनच्या व्हेसिकलमध्ये आतल्या थराचं लिपिड आतल्या द्रवाच्या मानाने जेमतेम १.४ मिलिमोलर भरतं. त्याचे २० टक्के म्हणजे ०.३. प्युअरमध्ये मॅग्नेशियम त्याच्या कितीतरी पट असतं, त्याला काय फरक पडणार? २०० नॅनोमीटरला तेच लिपिड ७० मिलिमोलर होतं, तिथे तुमचं पटेल.

कोरडी भेळ:
माझी २०० नॅनोमीटरचीच होती.

खडूफळा:
क्लोरोफॉर्ममधलं लिपिड प्लास्टिकच्या टिपने घेऊ नका. प्लास्टिकमधलं नको ते त्यात उतरतं. काचेची सिरिंज वापरा.

सातपुडा:
काचेचीच आहे. पद्धत इमल्शन ट्रान्सफर (तेलातले पाण्याचे थेंब लिपिडच्या थरातून खालच्या पाण्यात उतरवायचे), आकार १० ते २० मायक्रॉन. लिपिड डीओटॅप.

उंबर:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! डीओटॅप पॉझिटिव्ह. डीएनए, एमआरएनए, रायबोसोमचा आरएनए, सगळे निगेटिव्ह. मेम्ब्रेनला जाऊन चिकटतात. ट्यूबमध्ये लिपिडच नव्हतं, म्हणून तिथे चाललं.

कोरडी भेळ:
तुमच्याच हिशोबाने डीओटॅपही ०.३ मिलिमोलर. तेवढं पुरतं?

उंबर:
३००० बेसजोड्यांचा प्लाझ्मिड (गोल डीएनए) ५ नॅनोमोलर घेतला तर त्याचे निगेटिव्ह फॉस्फेट ०.०३ मिलिमोलर. डीओटॅप नऊ-दहा पट झालं. रायबोसोम त्यात वाटेकरी आहेत, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं बरं. सातपुडा, डीएनए सायबर ग्रीन या चमकणाऱ्या रंगाने रंगवून नुसत्या बफरसोबत व्हेसिकलमध्ये भरा. पण डीओटॅपच का?

सातपुडा:
बाहेरून निगेटिव्ह मणी चिकटवायचेत.

खडूफळा:
पीजी घ्या की. ई. कोलायच्या मेम्ब्रेनमध्येही तेच असतं.

उंबर:
त्यावर निगेटिव्ह मणी कसे बसतील? सातपुडा, थेंब पीओपीसीच्या तेलात बनवा आणि डीओटॅप फक्त मधल्या, म्हणजे थेंबांच्या खाली आणि पाण्याच्या वर असलेल्या तेलात घाला. थेंब खाली उतरताना बाहेरचा थर तिथूनच घेतो.

सातपुडा:
आत्ताच बघितलं. डीओटॅपवाल्यांत कडेला हिरवं कडं, मध्ये काळोख. पीओपीसीत सगळीकडे सारखा हिरवा. दोन तेलं वेगळी करून आज रात्री पुन्हा लावतो. उंबर, मनापासून आभार.