प्रति: बाइंडिंगच्या मॉड्यूलला नाव काय द्यावं?

सी लायब्ररीच्या पायथन बाइंडिंगला (ती लायब्ररी पायथनमधून वापरता यावी म्हणून लिहिलेल्या जोडणीच्या कोडला) नाव देताना त्यातच आवृत्तीचा आकडा घालावा, असं वर सुचवलंय. माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. चित्रांवर प्रक्रिया करणारी ओपनसीव्ही लायब्ररी बघा. तिची आवृत्ती ३ आली, ४ आली, तरी आपण 'इम्पोर्ट सीव्ही२'च लिहितोय. तो २ जुन्या सी एपीआयच्या जागी आलेल्या सी++ इंटरफेसचा, पण नवख्याला हे कोण सांगणार? त्यात पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) घ्यायच्या पॅकेजचं नाव वेगळंच, 'ओपनसीव्ही-पायथन'. क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीचं पायथन बाइंडिंग असलेल्या पायसाइड२ची तर आणखी मजा, ते क्यूटी ५ साठी होतं! पुढे पायसाइड६ला एकदाचा आकडा जुळला.

मला रस्ट भाषावाल्यांची रीत पटते. 'लिबगिट२-सिस' या क्रेटमध्ये (रस्टच्या पॅकेजमध्ये) सीची फंक्शनं जशीच्या तशी, आणि त्यावर वापरायला सुटसुटीत असं 'गिट२'. (इथला २ 'लिबगिट२' या सी लायब्ररीच्या मूळ नावातलाच आहे.) तुम्हीही सीची फंक्शनं तशीच देणारं कच्चं मॉड्यूल नावाआधी अंडरस्कोर लावून आत ठेवा आणि बाहेर नुसतं लायब्ररीचं नाव द्या. मात्र ते इम्पोर्ट नाव दुसऱ्या कुठल्या पॅकेजने वापरलेलं नाही ना, हे आधी तपासा. चित्रं हाताळणाऱ्या पायथन लायब्ररी पिलो आणि जुनं पीआयएल दोन्ही 'पीआयएल' याच नावाने इम्पोर्ट होतात, त्यामुळे एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एकत्र नांदत नाहीत.