कोस्टा रिका: सत्तरीचे आईबाबा, नऊ दिवस, आणि बाबांना बघायचा ज्वालामुखी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आईबाबा कराडहून आमच्याकडे ह्यूस्टनला येताहेत. त्यांना घेऊन नऊ दिवस कोस्टा रिकाला जायचं चाललंय. बाबांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा छेद ते फळ्यावर रंगीत खडूंनी काढायचे, नळी लाल, राखेचे थर करडे, आणि पुढच्या तासाचे सर आले तरी तो पुसायला मुलं तयार नसायची. खरा ज्वालामुखी मात्र त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. या वेळी तो दाखवायचाच.

आईचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर ती तासभर चालते, पायऱ्या मात्र नकोत. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

माझ्या यादीत आरेनाल ज्वालामुखी, मॉन्तेवेर्देचं डोंगरावरचं जंगल, मान्वेल आंतोनियोचं समुद्रकाठचं उद्यान, तोर्तुगेरो आणि कोर्कोवादो आहेत. नऊ दिवसांत यातलं काय जमेल? आरेनालला रात्री लाव्हा दिसतो असं एका जुन्या लेखात वाचलं, ते खरं आहे का? आणि दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, तो चालेल ना?

---

पाऊलवाट

ताई, मी तिथे तीनदा गेलोय, त्यातल्या एका फेरीत आई बरोबर होती, तेव्हा ती अडुसष्टची होती. त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला. जरा सविस्तर लिहितो.

आधी लाव्ह्याचं. आरेनाल कित्येक शतकं झोपलेला होता. २९ जुलै १९६८ ला फुटला आणि त्यानंतर २०१० पर्यंत धुमसत राहिला. तुम्ही वाचलेला लेख त्या काळातला असणार. आता रात्री काही दिसत नाही. दिवसा मात्र त्याचा शंकू इतका रेखीव दिसतो की बाबांना आपलं फळ्यावरचं चित्रच समोर उभं राहिल्यासारखं वाटेल. तेवढ्यासाठी जा, पण लाव्हा दिसेल असं त्यांना आत्ताच सांगून ठेवू नका.

बाबांना न्यायची खरी जागा म्हणजे पोआस ज्वालामुखी. २,७०८ मीटर उंच, आणि वाहनतळापासून विवराच्या कठड्यापर्यंत पक्का, जवळजवळ सपाट रस्ता. आईच्या गुडघ्याला काही त्रास होणार नाही. विवर सव्वा किलोमीटरहून रुंद, सुमारे ३०० मीटर खोल, आणि तळाशी आम्लाचं तळं. २०१७ च्या उद्रेकानंतर उद्यान वर्षभराहून जास्त बंद होतं. उघडल्यावर डोक्याला हेल्मेट घालूनच आत सोडायला लागले, कठड्यावर ठरावीक वेळच थांबू देतात, आणि तिकीट वेळ ठरवून आधी ऑनलाइनच काढावं लागतं. सकाळची सगळ्यात पहिली वेळ घ्या. नऊ वाजल्यानंतर ढग चढतात.

आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसता पांढरा पडदा होता. आई कठडा धरून उभी होती आणि गंधकाचा वास येत होता, जळालेल्या काडेपेटीसारखा, घशात खवखवणारा. बारा-तेरा मिनिटं तशीच गेली. मग वारा आला आणि ढग खालून उचलला गेला. आधी राखेचा उतार दिसला, मग तळ्याचा काठ, मग ते दुधात मोरचूद कालवल्यासारखं पाणी आणि त्याच्या कडेने फुसफुसणारी वाफ. आई एवढंच म्हणाली, "अगं बाई, हे जिवंत आहे." चारेक मिनिटांत पुन्हा सगळं झाकलं गेलं.

पोआस मधूनमधून चिडतो आणि उद्यान बंद ठेवतात. जायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. बंद असेल तर इरासू ज्वालामुखीला जा. तो ३,४३२ मीटर उंच आहे आणि गाडी विवराच्या अगदी जवळ जाते. १९६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी राजधानी सान होसेला आले होते, त्याच सुमारास तो फुटला आणि दोन वर्षं शहरावर राख पडत राहिली. हे बाबांना सांगा, त्यांना आवडेल. आणि दख्खनशी तुलना तर ते स्वतःच करतील: आपल्याकडे लाव्हा भेगांतून वर आला आणि थरांवर थर पसरत गेला, इथे कोकोस भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो म्हणून ही शंकूंची रांग उभी राहिली.

आता यादी. पाचांतली तीन ठिकाणं काढा. कोर्कोवादोत चिखल, उष्मा आणि लांबची पायपीट. तोर्तुगेरोला रस्ताच नाही, बोटीने नाहीतर छोट्या विमानाने जावं लागतं, आणि हिरव्या कासवांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर असतो. मॉन्तेवेर्दे सुंदर आहे, पण फेब्रुवारीत तिथे बोचरा वारा आणि आडवा पाऊस असतो. एक रात्र विमानतळाजवळच्या आलाहुएलात, म्हणजे पोआसला पहाटे निघता येतं, मग आरेनालच्या पायथ्याच्या ला फोर्तुना गावात तीन, मान्वेल आंतोनियोत तीन आणि शेवटची पुन्हा विमानतळाजवळ.

ही कात्री लावा असं इतक्या आग्रहाने का म्हणतोय? पहिल्या फेरीत मी सात दिवसांत सहा गावं केली. जंगलात गेलो खरा, पण दिसली फक्त झाडं. दुसऱ्या खेपेला ला फोर्तुनात चार दिवस राहिलो आणि दुर्बीण असलेला स्थानिक गाइड घेतला. पाचशे मीटर चालायला त्याने दोन तास लावले. रस्त्याकडेच्या एका पोकळ खोडाच्या झाडाखाली तो थांबला. सेक्रोपिया म्हणतात त्याला, स्लॉथ या झाडावर राहणाऱ्या संथ प्राण्याला त्याचा कोवळा पाला आवडतो. तिपाईवर दुर्बीण लावून त्याने आईला पुढे बोलावलं. नुसत्या डोळ्यांना ते वाळक्या पानांचं बोचकं वाटत होतं. दुर्बिणीतून केसांवर शेवाळाची हिरवी झाक दिसली, मग तीन नखांचा हात, आणि पोटाशी पिल्लू. मादीने काख खाजवायला हात उचलला तो इतक्या सावकाश की आईला वाटलं आपणच हललो. अर्धा तास ती तिथून हलेना. गाइडला दिलेले पैसे हा माझा त्या प्रवासातला सगळ्यात योग्य खर्च. तो चुकवू नका.

जेवणाचं आणि व्हिसाचं नंतर लिहितो, कामावर निघालोय.

---

शेवंता

पाऊलवाट, बाकी सगळं मान्य, पण मॉन्तेवेर्दे एवढ्या पटकन काढू नका. १९५१ मध्ये सैन्यात जायला नको म्हणून अमेरिकेतल्या अलाबामातून निघालेली क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, कुटुंबं तिथे येऊन राहिली. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपलं सैन्यच बंद केलं होतं, म्हणून त्यांनी हा देश निवडला. पाण्याचा उगम राहावा म्हणून त्यांनी डोंगरमाथ्याचं जंगल तोडलं नाही, आणि पुढे १९७२ मध्ये तिथे राखीव जंगल झालं. भूगोलाच्या सरांना ही गोष्ट त्याच मातीवर उभं राहून ऐकायला मिळायला हवी. ला फोर्तुनाहून जीप, मग आरेनालच्या तळ्यातून बोट, मग पुन्हा जीप असं साडेतीन-चार तासांत जाता येतं. तळ्याला वळसा घालणारा फेरा वाचतो.

तिथला सोनेरी बेडूक १९८९ नंतर कोणालाच दिसला नाही. संशोधन केंद्राच्या भिंतीवर त्याचा फोटो बघून मला फार वाईट वाटलं होतं.

आणि क्वेत्साल पक्षी बघायचा असेल तर सान हेरार्दो दे दोता या गावी जा. रानटी अवोकाडोची लहान फळं खायला येतो. पहाटे साडेपाचला रस्त्यावरूनच दिसतो, चढायला लागत नाही.

---

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. स्लॉथचं आईला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं.

ला फोर्तुनाचा धबधबा गुडघ्याला जमेल का? आणि गाडी स्वतः चालवावी की ड्रायव्हर घ्यावा?

---

पाऊलवाट

धबधब्याला खाली सुमारे पाचशे पायऱ्या आहेत, तेवढ्याच परत वर. आईंना वरच्या सज्जातूनच दाखवा, तिथूनही पूर्ण दिसतो. त्याऐवजी झुलत्या पुलांच्या वाटेवर न्या, चढउतार बेताचा आहे. संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसू द्या. माझी आई दुसऱ्या दिवशी गुडघा न धरता उठली होती. मान्वेल आंतोनियोतली मुख्य वाटही सपाट आहे, पण ते उद्यान मंगळवारी बंद असतं आणि आत खाऊ नेऊ देत नाहीत. माकडं पिशव्या ओढतात म्हणून. फाटकाच्या बरीच आधी शिट्ट्या वाजवून गाडी थांबवणारे लोक भेटतील, ते उद्यानाचे नसतात. थेट पुढे जा.

शेवंता म्हणतात ते मॉन्तेवेर्दे खरंच पाहण्यासारखं आहे. बाबांचा उत्साह असेल तर समुद्राची एक आणि ला फोर्तुनाची एक रात्र तिकडे द्या. पण जॅकेट घ्या, आणि आईंना थंडी सोसत नसेल तर नको.

गाडी मी चालवली. ऑनलाइन भाडं फार कमी दिसलं, पण काउंटरवर सक्तीचा स्थानिक विमा लावला आणि रक्कम दुपटीच्या वर गेली. बुकिंग करतानाच विम्यासकट आकडा लेखी मागा. अंधार वर्षभर सहाच्या आसपास पडतो आणि डोंगरातल्या रस्त्यांना दिवे नसतात, त्यामुळे पाचपर्यंत मुक्कामी पोचायचं. वयस्कर माणसं बरोबर असताना ड्रायव्हर घेणं मला जास्त बरं वाटतं. खिडकीतून बघायला तुम्हीही मोकळ्या राहाल.

व्हिसा: मुदतीतला, मल्टिपल एंट्रीचा अमेरिकन व्हिसा पासपोर्टवर असेल तर वेगळा लागत नाही. परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा. तरी तिकिटं काढण्याआधी त्यांच्या दूतावासाचे चालू नियम वाचाच.

जेवण: "सोदा" पाटी असलेल्या छोट्या खानावळी शोधा. सकाळी गाय्यो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्याबरोबर परतलेला भात. दुपारी कासादो, त्यात भात, घेवडा, कोशिंबिरीसारखं सॅलड आणि तळलेली पिकलेली केळी. नुसतं "सिन कार्ने" म्हटलं तर चिकन येऊ शकतं. "सिन कार्ने, सिन पोय्यो, सिन पेस्कादो, सिन वेवो" असं पूर्ण म्हणा, आणि घेवडा डुकराच्या चरबीत शिजवलाय का ते "मान्तेका?" असं विचारा. आणि "आग्वा दुल्से" मागा. ते गरम गूळपाणी असतं. तिथेही उसाचा गूळ करतात, शंकूच्या आकाराच्या ढेपा. कराडच्या माणसाला गुऱ्हाळाची आठवण येणारच.

अजून एक बाबांसाठी. ला फोर्तुनाच्या वाटेवर शेतांना जिवंत कुंपणं दिसतील, फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी लगडलेली. ते आपल्या बांधावरचं गिरिपुष्प आहे. ते मूळचं याच भागातलं. चिकू आणि देवळापुढचा चाफाही मूळचे इकडचेच.

---

कृष्णाकाठ

तिकिटं काढली, पोआसची तारीख पहिल्याच सकाळची धरली. बाबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तिथली चिमूटभर राख कागदात बांधून आणता येईल का? शाळेतल्या प्रयोगशाळेला द्यायची आहे.

---

पाऊलवाट

उद्यानातून दगड, राख, पान काहीही उचलायला परवानगी नाही. पण उतरताना पोआसच्या पायथ्याशी कॉफीचे मळे लागतील, सगळे त्याच राखेच्या काळ्या मातीवर. एखाद्या मळ्यात थांबा, बाबांना ती माती हातात घेऊन बघू द्या. वही आणि रंगीत पेन्सिली मात्र त्यांना आठवणीने घ्यायला सांगा.