मालगाडीच्या चालकाची झोप
"हल्लीच्या इंजिनात सगळं आपोआप चालतं, चालकाने नुसतं बसून राहायचं" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. साधारण मिनिटभर हॉर्न, ब्रेक, थ्रॉटल कशालाच हात लागला नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो आणि तरीही बटण दाबलं नाही तर ब्रेक लागून गाडी उभी राहते. शिवाय प्रत्येक सिग्नल चालक आणि सहायकाने एकमेकांना मोठ्याने सांगायचा, पहाटे तीनलासुद्धा.

पण झोपेबद्दल इथे कुणीच बोललं नाही. माझा मोठा भाऊ मालगाडीवर आहे. मेल-एक्सप्रेसवाल्यांना निदान ठरलेली लिंक, म्हणजे ड्यूटीचं आधीच लावलेलं वेळापत्रक, असते, मालगाडीला वेळापत्रकच नाही. कॉल, म्हणजे ड्यूटीवर येण्याचा निरोप, आला की दोनेक तासांत हजर व्हायचं. दुपारी झोपलेला दादा उठू नये म्हणून वहिनी कुकरसुद्धा लावत नाही. सिग्नल चुकल्याची बातमी आली की लोक लगेच चालकाला शिव्या घालतात. आधीच्या दोन रात्री तो कधी झोपला होता हे कुणी विचारत नाही, याचा मला खरंच राग येतो. बाहेरगावी रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या रेल्वेच्या विश्रांतीगृहात, जेवण मिळतं, गादी मिळते, पण शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री एकला कॉल घेऊन उठला की दादालाही जाग येतेच, आणि तासा-दोन तासांत त्याचा स्वतःचा कॉल येऊ शकतो.