फोंतने: 'जसाच्या तसा' म्हणे!

चुनखडी:
कालच्या धाग्यावर कुणीतरी फ्रान्समधल्या फोंतनेबद्दल ठोकून दिलंय, 'आठशे वर्षं जसाच्या तसा राहिलेला सिस्टर्शियन (एका ख्रिस्ती साधुसंघाचा) मठ'. जसाच्या तसा? भोजनगृह १७४५ मध्येच पाडलं, तेही मठ चालू असताना. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर विक्री झाली, कागद कारखाना आला. १८२० मध्ये माँगोल्फिए घराण्याकडे गेला (हो, तेच बलूनवाले). १९०६ मध्ये एदुआर एनारने तो सासऱ्याकडून घेतला आणि सासुरवाडीचाच कारखाना पाडून १९११ पर्यंत मठ 'शुद्ध' केला. ती पवित्र शांतता विसाव्या शतकातली आहे, महाराज.

खवट:
मग काय, बाराव्या शतकातल्या चर्चशेजारी कागदाची गिरणी जपायची होती? पुनर्वापराचे गोडवे गाणाऱ्यांनी फ्रान्समधलंच क्लेअरव्हो बघावं. सिस्टर्शियनांचा मोठा संत, खुद्द बर्नार्डचा १११५ चा मठ. १८०८ मध्ये सरकारने तुरुंगासाठी घेतला आणि पुढच्या दहाएक वर्षांत चर्च भुईसपाट. एनार हवा होता तिथे.

चुनखडी:
आणि इंग्लंडमधला रिव्हो? १५३८ मध्ये मठ बंद, छपराचं शिसं उतरवलं, आज नुसत्या कमानी. छप्पर गेलं की पाणी दगडी कमानछतात मुरतं, चुना धुपतो, थंडीत मुरलेलं पाणी गोठून दगड फोडतं. फोंतनेत कागदवाल्यांना कोरडी जागा लागायची, म्हणून कौलं शाकारली जायची. भक्तीने नव्हे, गरजेने.

उंटावरचा_शहाणा:
मूळ उद्योग साधूंचाच. फोंतनेच्या ५३ मीटर लांब लोहारशाळेत ओतीव लोखंड काढायचे.

पाणचक्की:
ओतीव?? कृपया थांबा. त्या काळच्या भट्टीत लोखंड वितळतच नाही. खनिज नि कोळसा घालून मळीने (खनिजातल्या वितळलेल्या गाळाने) भरलेला स्पंजासारखा लोखंडाचा गोळा निघतो. तो लालबुंद असतानाच घणाखाली मळी पिळून काढायची. गार पडला की तडकतो. पाणचक्कीच्या आसावर दात असतात. दात घणाच्या दांड्याचं शेपूट दाबतो, घणाचं डोकं उचललं जातं, दात सुटला की घाव. चार दात आणि मिनिटाला १५ फेरे म्हणजे साठ घाव. चाक जास्त पळालं तर घण पुरता पडायच्या आत पुढचा दात शेपटाला धडकतो, आणि मोडतो. चिंध्या कुटणारे कागदाचे मुसळही असेच दातांवर उचलले जात. गिरणीवाले तिथे का आले, कळलं? पाण्यासाठी.

खवट:
लोहारकीची शिकवणी कुणी मागितली होती? तरी निदान तो घण तरी मूळचा आहे ना, फोटोत दिसतो तो?

पाणचक्की:
२००८ मध्ये नव्याने घडवून बसवलाय.

खवट:
बरं. छपरापुरतं चुनखडींचं मान्य. फक्त छपरापुरतं.

चुनखडी:
उपकार झाले. घणही 'जसाच्या तसा'च म्हणायचा का आता?