पक्षीगृहात एक दिवस मदतनीस म्हणून: नवख्याने काय जाणून घ्यावे?

प्रश्न
नमस्कार. पुढील महिन्यात एका प्राणिसंग्रहालयाच्या पक्षीगृहात कर्मचाऱ्यांच्या हाताखाली एक दिवस काम करण्याची संधी मला मिळाली आहे. घरी पाळलेल्या लव्हबर्डच्या जोडीपलीकडे मला पक्ष्यांचा अनुभव नाही. नवख्या माणसाकडून तेथे नेमके कोणते काम करून घेतात आणि माझ्या जाण्याने त्यांचे काम वाढणार तर नाही ना, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
मी अनेक वर्षे पक्षीगृहात काम केले आहे. आपला बहुतेक वेळ साफसफाईत आणि खाद्य तयार करण्यात जाईल. पक्षी हाताळायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र झाडलोटीला कमी लेखू नका. दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पक्षी आपला आजार शक्य तितका काळ लपवतात. अशा वेळी आदल्या दिवशीचे अन्न किती उरले आहे, नेहमीच्या फांदीखाली विष्ठा पडली आहे की नाही आणि तिच्यातील पांढऱ्या भागावर हिरवी किंवा पिवळी झाक आली आहे का, यांवरूनच आम्हाला पहिली शंका येते. म्हणून काही वेगळे दिसल्यास ते पुसण्याआधी कर्मचाऱ्याला दाखवावे.

खाद्याच्या खोलीत तक्त्यात दिलेले प्रमाण काटेकोरपणे पाळा आणि प्रेमापोटी एकही फोड जास्त घालू नका. धनेश आणि मैना यांच्या यकृतात लोह साठण्याचा विकार आढळतो. क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते, म्हणून आम्ही त्यांच्या फळांत संत्री-मोसंबी घालत नसू. पेंग्विनांचे मासे गोठवून ठेवल्याने त्यांतील ब१ जीवनसत्त्व कमी होते. ती उणीव भरून काढण्यासाठी माशाच्या कल्ल्यात गोळी सरकवून तो मासा भरवतात. हे काम पाहायला मिळाले, तर जरूर पाहा.

आपल्याला शिकवण्यात त्यांची सकाळ थोडी खर्ची पडेल, हे खरे आहे. पण भांडी घासायला दोन हात जास्त मिळाले, तर कोणालाही बरेच वाटते.

उत्तर २
मी पशुवैद्यक आहे. आपल्या घरी लव्हबर्ड आहेत, ही गोष्ट तेथे आधीच कळवणे अत्यंत आवश्यक आहे. लव्हबर्डसारखे पोपटवर्गीय पक्षी वरवर निरोगी दिसत असतानाही सिटॅकोसिस या संसर्गजन्य आजाराचे जंतू बाळगू शकतात, आणि बर्ड फ्लूचा विषाणू तर बुटांच्या तळव्यांवरूनही पसरतो. त्या दिवशी धुतलेले कपडे व स्वच्छ केलेले बूट घालून जा, आणि घरी परतल्यावर कपडे बदलून हात धुतल्याशिवाय आपल्या जोडीजवळ जाऊ नका. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास सिटॅकोसिस माणसालाही होतो, म्हणून ती ओली करूनच काढावी.

उत्तर ३
मी असा एक दिवस घालवला आहे. पोपटांसाठी कागदाच्या गुंडाळ्यांत दाणे लपवण्याचे काम मला दिले होते, कारण अन्न शोधण्याचा उद्योग उरला नाही, तर कंटाळलेले पोपट स्वतःचीच पिसे उपटू लागतात. कानांतले दागिने घरीच ठेवा. पोपट ते ओढतात. तसेच पहिले दार नीट बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय आतले दुसरे दार कधीही उघडू नका.

प्रश्नकर्ती
सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. लव्हबर्डबद्दल मी त्यांना काहीच सांगितले नव्हते, आजच कळवते.