मदत हवी आहे: फॉगर लावल्यावर गाय जास्तच धापा टाकतेय

माळावरचा_गोठा
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात, नदीपासून लांब माळावर आमचा गोठा आहे. वर पत्रा, तीन बाजूंनी विटांची भिंत. दोन मुऱ्हा म्हशी, एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आणि वडिलांच्या हौसेचा खिलार बैल. उन्हाळ्यात गाय हैराण होते म्हणून यंदा बारीक तुषारांचे फॉगर बसवले. एप्रिलमध्ये बरं वाटलं. वळीव पडल्यापासून मात्र उलटाच प्रकार. दुपारी फॉगर सुरू केला की थोड्या वेळात गाय तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळते, वैरणीला तोंड लावत नाही. दूध कमी झालंच, वर दूध संस्थेत फॅटपण लागेना. म्हशी दावं ताणून मोरीच्या गाळात बसायला बघतात. आणि बैल त्याच गोठ्यात निवांत रवंथ करतोय!

डॉक्टर येऊन गेले. दुसरा आजार नाही, उष्णतेचा ताण आहे म्हणाले. पण गोठा एक, पाणी एक, मग तिघांच्या तीन तऱ्हा का? फॉगर काढू का ठेवू? कारणासकट सांगा, नुसतं 'पंखा लाव' नको.

रंकाळ्याचा_वारा
पंखा लाव.

गुरांचा_सोबती
वरच्या भावानं चेष्टेत सांगितलं, पण उत्तर तेच आहे. कारण सांगतो.

गाईच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास राहायला लागतं. बाहेरची हवा थंड असेल तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवाच अंगाइतकी तापली की एकच वाट उरते, ती म्हणजे पाणी वाफ होऊन उडून जाणं. घाम असो, श्वासातली वाफ असो, नाहीतर तुम्ही मारलेलं पाणी. एक लिटर पाणी कातड्यावरून वाळलं तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. पण ते वाळलं तर! एप्रिलची कोरडी हवा वाफ लगेच ओढून घेत होती. वळवानंतर हवा आधीच दमट, त्यात तीन बाजू बंद आणि फॉगर आणखी ओल भरतोय. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे जसे वाळत नाहीत, तसा गाईचा घाम वाळेना. मग ती तोंडानं धापा टाकते, पण श्वासातून आत जाते ती हवाही ओलीच. शिवाय फॉगरचे थेंब इतके बारीक असतात की केसांवरच अडकतात, कातडं भिजतच नाही.

त्यात एचएफ मुळात हॉलंडकडची जात. २५ सेल्सिअसच्या वर गेलं की तिला जड जायला लागतं. जास्त दूध म्हणजे जास्त खाणं, आणि पोटात वैरण आंबताना उष्णता तयार होतेच. गाय खाणं टाकते ते उगाच नाही, आतली भट्टीच ती कमी करत असते.

फॅटचं कोडंही इथंच सुटतं. लाळेत सोडा असतो, तो पोटातलं आम्ल आवरतो. लाळ बाहेर गळून गेली, त्यात चाऱ्यापेक्षा पेंड जास्त खाल्ली, की पोट आंबट होतं आणि फॅट घसरतं. खायचा सोडा देतात, पण किती ते डॉक्टरांनाच विचारा.

म्हशीचं गणित वेगळं. कातडं काळं, केस विरळ, म्हणून ऊन जास्त शोषलं जातं. आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं फारच कमी. त्यामुळे ती घामावर विसंबत नाही, सरळ पाण्यात जाऊन बसते. पाणी अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि बाहेर आल्यावर अंगावरचा चिखल हळूहळू वाळत आणखी गारवा देतो. माश्या बसत नाहीत हा वरचा फायदा. तुमच्या म्हशी मोरीकडे ओढतात, त्यांना औषध बरोब्बर माहीत आहे. फक्त मोरीचा गाळ नको, कासेला दगडी (कासेची सूज) व्हायची भीती.

खिलार इथलाच. पांढरट अंग, आखूड केस, घाम भरपूर. आणि त्याला दूध द्यायचं नाही, हे विसरू नका.

राधानगरीकर
एक शंका. दाजीपूरच्या जंगलातला गवापण काळाच की. तो कुठं म्हशीसारखा चिखलात लोळतो?

गुरांचा_सोबती
चांगला मुद्दा काढलात. गवा उन्हातच येत नाही. सकाळ-संध्याकाळ चरायचं, दुपारी दाट झाडीत बसून रवंथ करायचा. सावली असली की काळ्या रंगाचा तोटा राहत नाही. आपण मात्र जनावर तापलेल्या पत्र्याखाली बांधतो आणि ऐन दुपारी पेंड पुढ्यात ठेवतो.

माळावरचा_गोठा
आता डोक्यात उजेड पडला. पेंड पहाटे आणि रात्रीच देतो आजपासून. पण खर्च बेतात बसवायचा आहे. आधी काय करू?

रंकाळ्याचा_वारा
आमच्याकडं पत्र्यावर उसाचं पाचट पसरतो, दोरीनं आवळून. फरक हाताला कळतो. वायरिंग मात्र लांब ठेवा, पाचट पेटायला वेळ लागत नाही.

गुरांचा_सोबती
पाचट झालं की पश्चिमेची आणि पूर्वेची भिंत कमरेच्या वर उघडी करा. आपल्याकडं या दिवसांत वारा बहुतेक पश्चिमेचा, तो आरपार गेला पाहिजे. तिरकं ऊन अडवायला बाहेरून शेडनेट सोडा, पण भिंतीपासून हातभर लांब. फॉगर बंद. त्याऐवजी पाइपनं अंग कातड्यापर्यंत भिजवायचं, पाणी थांबवायचं आणि पंखा चालू ठेवायचा, वाळलं की परत. म्हशींना जास्त वेळा भिजवा. पिण्याचं पाणी सावलीत ठेवा. दुभती गाय उन्हाळ्यात १०० लिटरपर्यंत पिते, पण हौदातलं तापलेलं पाणी ती पुरेसं पीत नाही. रात्री बाहेर मोकळ्यावर बांधा. दिवसभर साठलेली उष्णता उतरायला रात्रीची गार हवाच लागते, आणि तुमची भिंत रात्रभर तापलेली असते. थर्मामीटर जवळ ठेवा, १०४ च्या वर दिसलं तर इथं लिहीत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

माळावरचा_गोठा
धन्यवाद सगळ्यांना. गवंड्याला उद्या बोलावलंय. वडील म्हणतात, बैलाच्या बाजूची भिंत पहिली फोडा!