मेण वितळायला प्रयोगात ४ तास, सिम्युलेशनमध्ये १५ तास, कुठे चुकतंय?

एमटेक_थर्मल: सोलरची उष्णता पॅराफिन मेणात साठवायचं प्रोजेक्ट आहे. अ‍ॅक्रिलिकचा डबा, ५ सेंमी रुंद १२ सेंमी उंच, एका बाजूला ७५ अंशाची प्लेट, मेण ५५ च्या आसपास वितळतं. प्रयोगात ४ तासांत सगळं वितळलं. एन्थाल्पी-पोरोसिटी मॉडेलमध्ये (वितळणं कॉम्प्युटरवर मोजायची पद्धत) मात्र ४ तासांनी जेमतेम अडीच सेंमी, आणि पूर्ण व्हायला १५ तास! मेश (हिशोबाची जाळी) बारीक केली, टाइमस्टेप (वेळेचा टप्पा) कमी केली, ढिम्म फरक नाही. आठवडा गेला यात, प्लीज कोणीतरी बघा.

सोलरवाला: वितळलेल्या आणि घट्ट मेणामधली रेषा कशी दिसते, सरळ की तिरकी?

एमटेक_थर्मल: सिम्युलेशनमध्ये पट्टीने मारल्यासारखी सरळ उभी. प्रयोगात वरचं आधी वितळलं, खाली लांबच्या कोपऱ्यात एक तुकडा शेवटपर्यंत राहिला होता.

सोलरवाला: मग ग्रॅव्हिटी बंद राहिलीय बघा. हाताने हिशोब करा: घनता ८५०, लेटंट हीट (वितळायला लागणारी उष्णता) किलोला २ लाख ज्यूल, गुणिले रुंदी ०.०५ मीटरचा वर्ग, भागिले (२ × कंडक्टिव्हिटी ०.२ × तापमानातला फरक २०). येतात साधारण ५३,००० सेकंद, म्हणजे पावणेपंधरा तास, तुमचाच आकडा. नुसतं कंडक्शन चाललंय, म्हणजे मेण न हलता उष्णता पुढे सरकतेय. खऱ्या डब्यात गरम मेण प्लेटलगत वर चढतं आणि वरच्या भागावर जाऊन धडकतं, म्हणून रेषा तिरकी होते. ग्रॅव्हिटी चालू करा, बुसिनेस्क (तापमानाने घनता बदलून येणारा उचल धरणारी सोपी पद्धत) लावा, थर्मल एक्स्पान्शनचा आकडा शून्य तर नाही ना तेही बघा.

एमटेक_थर्मल: शून्यच होता!! रेषा आता तिरकी आली, खूप आभार. पण वेळ ३ तास १० मिनिटं येतोय, आता उलट लवकर.

सीएफडी_काका: मशी झोन कॉन्स्टंट (अर्धवट वितळलेल्या थराचा अडथळा ठरवणारा मॉडेलमधला आकडा) १०^५ वरच असेल. तो वाढवला की अर्धवट वितळलेल्या थरात प्रवाह जास्त अडतो आणि वितळणं मंदावतं. १०^६ करून बघा, पण वेळ जुळेपर्यंत नुसता तो आकडा ओढत बसू नका, ती फसवणूक होते. आधी अ‍ॅक्रिलिकमधून बाहेर जाणारी उष्णता धरलीय का बघा, भिंती अ‍ॅडियाबॅटिक (उष्णता अजिबात न सोडणाऱ्या) ठेवल्या असतील तर उरलेला बराचसा फरक तिथेच सापडेल. आणि मेण वितळताना साधारण १० टक्के फुगतं, डब्यात वर हवा सोडली होती ना? शेवटची वेळ एकटी जुळवू नका, दर १५ मिनिटांच्या फोटोंवरून किती भाग वितळला ते काढा आणि दोन्ही ग्राफ एकावर एक टाका.